आठ कोअर की चांगले कार्ड? गेमिंग संगणकासाठी किफायतशीर प्रोसेसर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉनिटर तुम्ही आधीच घेतला आहे, १०८० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा. उरलेला संगणक ७५,००० रुपयांत असेंबल करायचा आहे. रोज व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, तर सुटीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे मोठे खेळ खेळायचे आहेत. साताऱ्याच्या दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये रायझन ७ ५७००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच स्टिक आणि आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. आठ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असल्यामुळे हा प्रोसेसर पुढची पाच वर्षे पुरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. हे घ्यावे की थोडे पैसे वाढवून आय७ घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की यातले काहीच घेऊ नये. तुमच्या कामाला रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ पुरेसा आहे, रॅमचा भाव जुळला तर रायझन ५ ७६०० त्याहून चांगला आहे, आणि वाचलेला प्रत्येक रुपया ग्राफिक्स कार्डात गेला पाहिजे. यामागची कारणे सविस्तर देतो, कारण दुकानात भाव आणि उपलब्धता दर आठवड्याला बदलतात आणि नवे कोटेशन हातात आल्यावर ते तुम्हाला स्वतःला तपासता आले पाहिजे.

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, दोन हातांतून जाते. कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडले की नाही, याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचे याची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड ती यादी घेऊन चित्र रंगवते. १४४ हर्ट्झच्या पडद्याला दर सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील, तर या दोघांपैकी प्रत्येकाला आपले काम ६.९ मिलिसेकंदांच्या आत उरकावे लागते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर हीच मुदत १६.७ मिलिसेकंदांची असते. ज्याला उशीर होतो त्याच्या वेगाने खेळ चालतो आणि दुसरा नुसता थांबून राहतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की रिझोल्युशन आणि चित्राचा दर्जा वाढवला की मुख्यतः कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे फारसे वाढत नाही. म्हणून प्रोसेसर निवडताना पहिला प्रश्न पडद्याच्या हर्ट्झचा आणि खेळांच्या प्रकाराचा असतो. त्या मुदतीत काम उरकणारा सर्वांत स्वस्त प्रोसेसर हाच किफायतशीर प्रोसेसर. त्याहून वरच्या वेगासाठी मोजलेले पैसे तुमच्या पडद्यावर कधीच दिसणार नाहीत.

तुमच्या यादीतले खेळ या दृष्टीने दोन टोकांचे आहेत. व्हॅलोरंटचे चित्र साधे असते, साधारण कार्डही ते भराभर रंगवते, आणि मुदत पाळण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंकमध्ये कार्डाची दमछाक होते. त्यातही रे ट्रेसिंग (प्रकाश आणि प्रतिबिंबांचा अधिक खरा हिशेब) चालू केले तर कार्डाबरोबर प्रोसेसरचेही काम वाढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डीएलएसएस किंवा एफएसआर या फ्रेम वाढवणाऱ्या सोयी लावल्यावर कार्ड आतून कमी रिझोल्युशनवर चित्र काढते, फ्रेम वाढतात आणि त्या वाढलेल्या फ्रेमचा हिशेब पुन्हा प्रोसेसरलाच करावा लागतो. तेव्हा प्रोसेसर अगदीच हलका घेऊनही चालणार नाही. ६० ते ७५ हर्ट्झचा मॉनिटर असता तर मी तुम्हाला चार कोअरचा आय३-१२१००एफ निःसंकोचपणे सुचवला असता. १४४ हर्ट्झसाठी मात्र सहा पूर्ण ताकदीचे कोअर हवेत.

आता तुमच्या कोटेशनमधल्या ५७००जीकडे येऊ. नाव भारदस्त आहे, आठ कोअर आणि सोळा थ्रेडही (एकाच वेळी चालू शकणारी कामे) खरे आहेत. पण खेळांच्या बाबतीत कोअरच्या संख्येइतकेच, पुष्कळदा तिच्याहून अधिक महत्त्व एल३ कॅशला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच जलद मेमरीला, असते, आणि ती या प्रोसेसरमध्ये १६ एमबी आहे, तर स्वस्तातल्या ५६०० मध्ये ३२ एमबी. खेळाचे जग हजारो लहान लहान वस्तूंचे बनलेले असते आणि प्रोसेसरला एका फ्रेममध्ये त्यांपैकी कोणाची माहिती केव्हा लागेल याचा नेम नसतो. ती माहिती एल३ कॅशमध्ये सापडली तर दहा नॅनोसेकंदांच्या आसपास हाती येते. रॅममधून आणावी लागली तर सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात, म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तीनशेहून अधिक ठोके नुसते वाट पाहण्यात जातात. हाताशी मिसळणाचा डबा असणे आणि प्रत्येक फोडणीला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात धावणे, एवढा हा फरक आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रायझन बनवणाऱ्या एएमडीनेच दिला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये कोअर ५८००एक्स इतकेच, आठ, होते आणि त्याचा कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आला होता. वाढली होती ती फक्त एल३ कॅश, ३२ एमबीवरून ९६ एमबी. तरीही बहुतेक खेळांत तो आपल्या मोठ्या भावाच्या बराच पुढे गेला. पुढचे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच वाटेने आले. तुमच्या बजेटमध्ये ते बसत नाहीत, पण त्यांच्यावरून घ्यायचा बोध स्वस्त प्रोसेसरनाही लागू पडतो. खोक्यावरच्या ‘रायझन ५’ किंवा ‘रायझन ७’ यापेक्षा एल३ कॅशचा आकडा आधी वाचावा.

५७००जीमध्ये दुसरीही उणीव आहे. तो कार्डाशी पीसीआयई या दुव्याच्या ३.० आवृत्तीने बोलतो, तर ५६०० पीसीआयई ४.० ने. पूर्ण सोळा लेन (या दुव्यातल्या वाटा) वापरणाऱ्या कार्डाला याने विशेष फरक पडत नाही, परंतु या किमतीतली आजची बहुतेक कार्डे, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००, आठच लेन वापरतात, त्यांना ३.० वर बसवले की रस्ता निम्मा होतो, आणि कार्डाची मेमरी भरू लागली की तो निम्मा रस्ता जाणवतो. ५७००जीचा खरा उपयोग कार्ड न घेणाऱ्यासाठी आहे, कारण त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच असतात. कार्ड घेणाऱ्याने त्या आतल्या ग्राफिक्सचे पैसे मोजायचे, वर अर्धी कॅश आणि जुना दुवा पत्करायचा, याला माझ्या मते काहीच अर्थ नाही.

नावांचा हा घोटाळा एका मॉडेलपुरता नाही, म्हणून येथे जरा थांबतो. ५६०० आणि ५६००एक्स हे जवळजवळ सारखेच आहेत, फरक ०.२ गिगाहर्ट्झचा, जो स्वस्त मिळेल तो घ्यावा. ५५०० आणि ५६००जी यांत मात्र कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.० आहे, म्हणजे ५६०० आणि ५६००जी यांच्यातले एक अक्षर बरेच महागात पडू शकते. त्याहून फसवी जोडी ५७००एक्स आणि ५७०० ही आहे. पहिल्यात ३२ एमबी कॅश आणि पीसीआयई ४.०, तर दुसऱ्यात १६ एमबी आणि ३.०, ५७०० हा प्रत्यक्षात आतले ग्राफिक्स बंद केलेला ५७००जीच होय. नव्या सॉकेटवरही (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) ८४००एफ हे नाव ७५००एफ पेक्षा मोठे वाटते, पण त्यात कॅश ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि कार्डासाठी आठच लेन आहेत. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, ‘रायझन ५’ किंवा ‘आय५ बारावी जनरेशन’ एवढे लिहिलेले बिल स्वीकारू नका.

आठ कोअर पुढे लागतील, या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, पण तो जितक्या वेळा ऐकवला जातो तितका वजनदार नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या २०२० च्या कन्सोलांत आठ कोअर आहेत, म्हणून संगणकातही आठ हवेत असे म्हटले जाते. ते कोअर एएमडीच्या झेन २ पिढीचे आणि साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारे आहेत. ५६०० चे सहा कोअर त्यापुढच्या पिढीचे आणि ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे आहेत. तुम्ही खेळता खेळता स्ट्रीमिंग करणार असाल, व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडरचे काम करणार असाल, तर ५७००एक्सचे आठ कोअर कामी येतील. निव्वळ खेळासाठी ५६०० आणि ५७००एक्स यांच्यातला फरक बहुधा इतका लहान असतो की तेच पैसे कार्डात घातल्यावर दिसणारा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आय७ बद्दल विचारताना तुमच्या मनात नवा आय७ असेल तर तो या बजेटमध्ये कार्डाचा घास घेईल, एवढेच सांगतो. पण ऑनलाइन जाहिरातींत ‘आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी’ म्हणून जे स्वस्तात विकले जाते तो बहुधा आय७-३७७० असतो, २०१२ सालचा, चार कोअरचा, डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमवर चालणारा. आजचा आय३-१२१००एफ त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे मान्य करत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. तुमचा रोजचा खेळच त्यावर अडेल. असे संगणक घेऊन महिन्याभराने निराश झालेली इतकी मुले माझ्याकडे आली आहेत की याबाबतीत मी कळकळीने सांगतो, त्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

कोणाला उशीर होतो आहे हे तपासायची रीत एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखी आहे. गेल्या उन्हाळ्यात नाशिकचा एक विद्यार्थी आपले यंत्र घेऊन आला. खेळ मधूनच अडखळतो, प्रोसेसर तर पस्तीस टक्केच वापरला जातो, म्हणजे कार्ड खराब असणार, असा त्याचा निष्कर्ष होता. आम्ही एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने आकडे पडद्याच्या कोपऱ्यात आणले. कार्डाचा वापर नव्वदच्या पुढे राहायला हवा होता, तो साठच्या खाली घसरत होता. मग मी रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर उतरवले. कार्डाचे काम निम्म्याहून कमी झाले, तरी फ्रेम तेवढ्याच राहिल्या. याचा अर्थ उशीर प्रोसेसरच्या बाजूला होता. पस्तीस टक्क्यांचा आकडा फसवा असतो, कारण बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो आठ टक्केच दिसतो, आणि खेळाचे मुख्य काम बहुधा एकाच थ्रेडवर चालते. कॅबिनेट उघडल्यावर कारण समोर आले. सोळा जीबीची एकच स्टिक लावलेली होती. ती काढून आठ-आठच्या दोन, प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग, चालू केले, आणि तोच प्रोसेसर नीट चालू लागला. तुमच्या कोटेशनमधली एक स्टिक मला का खटकली, ते आता लक्षात आले असेल. एका स्टिकमुळे रॅमचा रस्ता निम्मा होतो आणि १६ एमबी कॅशच्या प्रोसेसरला, ज्याला वारंवार रॅमकडे जावे लागते, त्याचा फटका अधिक बसतो.

रॅमचा विषय निघालाच आहे, तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे त्रिकूट एकत्रच मोजावे, हे सांगतो. नुसत्या प्रोसेसरच्या भावाची तुलना दिशाभूल करते. एएम४ सॉकेटवर ५६०० घेतला तर बी५५० बोर्ड आणि डीडीआर४-३२०० च्या आठ जीबीच्या दोन स्टिक पुरतात. ए५२० बोर्ड स्वस्त असतो, पण तो पीसीआयई ३.० वरच थांबतो आणि आठ लेनच्या कार्डासाठी ५६०० घेण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. १२४००एफ ला मात्र साध्या एच६१० बोर्डवरही कार्डासाठी पीसीआयई ४.० मिळते, म्हणून काही आठवड्यांत इंटेलचे त्रिकूट स्वस्त पडते, काही आठवड्यांत एएमडीचे. या दोघांत मी पक्षपात करत नाही. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीची बेरीज करा.

एएम५ या नव्या सॉकेटचे त्रिकूट वेगळे आहे. रायझन ५ ७६०० किंवा आतले ग्राफिक्स नसलेला ७५००एफ हे ५६०० पेक्षा निश्चितच वेगवान आहेत आणि एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आधार देण्याचे सांगितले आहे, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बोर्ड न बदलता एक्स३डी बसवता येईल. एएम४ वर तो मार्ग आता जवळजवळ बंद झाला आहे, ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी नवे क्वचितच मिळतात. अडचण आहे ती डीडीआर५ ची. एएम५ ला दुसरी रॅम चालत नाही आणि २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले. माझा नियम साधा आहे. आधी कार्ड ठरवा, तुमच्या बजेटमध्ये ३०,००० च्या आसपासचे, ८ जीबी मेमरीचे, आरटीएक्स ५०६० च्या वर्गातले. ते कार्ड, एसएसडी, चांगला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि हवेशीर कॅबिनेट यांचे पैसे बाजूला काढल्यावर उरलेल्या रकमेत एएम५ चे त्रिकूट बसत असेल तर तेच घ्या. ते बसवण्यासाठी कार्ड एक पायरी खाली आणावे लागत असेल, तर ५६०० किंवा १२४००एफ घ्या. कार्ड खाली आणू नका. तुमच्या कोटेशनमधले ६ जीबीचे ३०५० हे जुन्या ८ जीबीच्या ३०५० पेक्षाही कमी कोअरचे आणि अरुंद मेमरी-रस्त्याचे आहे. सायबरपंकमध्ये तुम्हाला अडवणार ते हे कार्ड.

कार्डाच्या निवडीचाही प्रोसेसरवर परिणाम होतो, याचे एक उदाहरण सांगून ठेवतो. इंटेलचे आर्क बी५८० कार्ड त्याच्या किमतीला उत्तम आहे, पण त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो, आणि ५६०० च्या वर्गाच्या प्रोसेसरवर काही खेळांत ते लक्षणीय मागे पडते. ते कार्ड घ्यायचे ठरले तर ७६०० च्या खाली जाऊ नये.

‘एफ’ अक्षराचे प्रोसेसर स्वस्त असतात, कारण त्यांत ग्राफिक्स नसतात. एरवी ही बचत योग्यच आहे. तरी हा संगणक तुमच्या अभ्यासाचाही एकमेव संगणक असेल, तर थोडा वेगळा विचार करा. कार्ड वॉरंटीत पाठवले की परत यायला कधीकधी कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर एफ प्रोसेसरचा संगणक पडद्यावर काहीच दाखवत नाही. माझ्या एका विद्यार्थी ग्राहकाचे कार्ड ऐन परीक्षेच्या प्रोजेक्टच्या दिवसांत असे अडकले होते आणि त्याला मित्राचा लॅपटॉप मागावा लागला. तेव्हापासून फरक हजार-दीड हजारांचा असेल तर मी ७५००एफ ऐवजी ७६००, आणि १२४००एफ ऐवजी १२४०० सुचवतो.

कूलरवर फार खर्च करू नका. ५६००, ७६०० आणि १२४००एफ यांच्या सीलबंद खोक्यात कंपनीचा कूलर येतो आणि खेळासाठी तो पुरतो. ५७००एक्स बरोबर येत नाही, तो खर्च त्याच्या किमतीत धरावा. साताऱ्यात प्रश्न नाही, पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीच्या पुढे असते, तेथे मी हजार-दोन हजारांचा टॉवर कूलर आणि समोर जाळी असलेले कॅबिनेट आग्रहाने लावतो.

वापरलेला प्रोसेसर घेण्याला माझा विरोध नाही. नीट हाताळलेला प्रोसेसर सहसा बिघडत नाही, आणि एएम५ वर गेलेले लोक आपले ५६०० व ५७००एक्स चांगल्या भावात विकतात. एएम४ च्या प्रोसेसरला खालून पिना असतात, त्या उजेडात तिरक्या धरून प्रत्येक ओळ सरळ आहे ना ते पाहावे. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली जुनी पेस्ट सुकलेली असताना कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणक दहा मिनिटे चालवून, मग बंद करून, कूलर हलकेच पिळून काढावा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वापरलेले आय७ आणि आय९ मात्र टाळावेत. त्यांपैकी अनेकांत अवाजवी व्होल्टेजमुळे कायमची हानी झाल्याचे प्रकार घडले. २०२४ मध्ये इंटेलने बायोसमार्फत दुरुस्ती दिली, पण ती आधीच बाधित झालेला प्रोसेसर बरा करत नाही.

नवा घेताना सीलबंद खोक्याचाच घ्या. खोक्याशिवाय मिळणाऱ्या ट्रे प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी तुमच्या नावावर नसते, दुकानदार देईल तेवढीच असते. पाचशे-हजार रुपयांसाठी ती सोडू नये. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानात जोडणी होणार असेल तर पेस्ट लावण्यापूर्वी प्रोसेसरच्या पत्र्यावरच्या अक्षरांचा फोटो काढून तो क्रमांक खोक्याशी ताडून पाहा. बी५५० बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर ५६०० साठी बायोस अद्ययावत केले आहे का, हे तेथेच विचारा. संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेग पाहा. डीडीआर४ असेल तर ३२०० दिसले पाहिजे, २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर एक्सएमपी बंद आहे. एएम५ वर डीडीआर५-६००० घेतली असेल तर एक्स्पो (एक्सएमपीसारखेच एएमडीचे सेटिंग) चालू करून घ्या. एएम५ पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करत काही मिनिटे पडदा काळाच ठेवतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नका, थांबा.

दुकानदाराकडून दोन नवी कोटेशने मागवा. एकात ५६००, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ च्या आठ जीबीच्या दोन स्टिक, दुसऱ्यात ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ च्या दोन स्टिक, आणि दोन्हींत कार्ड, एसएसडी व एसएमपीएस तेच. दोन्ही माझ्याकडे पाठवलीत तर मॉडेल क्रमांक एकेक करून मी पाहून देईन.